पेंडीचा पेला

वेदिका चरापले खांबाला वळसा घालून आली, माझ्या पाठीवर जोरात थाप मारली आणि म्हणाली, "म्फ."

मी बसूनच राहिले.

तिने परत थाप मारली. परत "म्फ". तोवर पुढे पळणारी मुलगी दोन पाट्या ओलांडून पार पलीकडच्या खांबापाशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. लोंढे मॅडमनी शिट्टी वाजवली.

"चरापले, खो कुठाय?"

वेदिकाने तोंडाकडे बोट दाखवलं. मग आसमा मुल्लानेही दाखवलं. मग एकेक करत पाटीवर बसलेल्या सगळ्यांनीच. माझंही तोंड तसंच झालेलं, जीभ टाळूला चिकटलेली, पण मला तसंही कुणी काही विचारत नव्हतं.

"काय खाल्लंय?"

वेदिकाने कट्ट्यावरची बरणी आणून दाखवली. तिचा भाऊ पुण्याला शिकायला होता, त्याने पाठवलेलं पीनट बटर. अर्ध्या तासापूर्वी तिने प्रत्येकीला ब्रेडच्या दोन-दोन कापांवर बोटभर जाड लावून दिलं होतं. चव अशी होती की आम्ही बोटं चाटली. पण ते काही केल्या गिळवत नव्हतं.

मॅडमनी चमच्याच्या टोकाने थोडं चाखलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आम्हाला वाटलं विचार करतायत. नंतर कळलं, त्यांचीही जीभ अडकली होती.

"चव झकास आहे," शेवटी पाण्याचे दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या. "पण शनिवारी तालुक्याच्या मैदानावर पंच तुमच्या तोंडात काय आहे ते बघत बसणार नाहीत. खो ऐकू आला नाही की फाउल. गेल्या आठवड्यात मुल्लाच्या आईचा शिरा खाऊन तुम्ही पाटीवर डुलक्या घेत होता. त्याच्या आधी वडापाव. मी काय सांगितलं होतं?"

"हलकं आणा," आम्ही सगळ्या. शब्द जरा जडच निघाला.

आमचा सराव सकाळी सहाला सुरू व्हायचा. सातला थोडी विश्रांती, त्यात खायचं, मग सव्वासातपासून सामना. खायचं प्रत्येकीने पाळीपाळीने आणायचं. डिसेंबरचे दिवस, भूक तर अशी लागायची की पळणारीच्या पाठीऐवजी दप्तरांच्या ढिगाकडे लक्ष जायचं.

"हीच चव, पण पोटाला हलकी आणि तोंडाला न चिकटणारी," मॅडम म्हणाल्या. "जमेल कुणाला?"

"मी आणते."

हे कोण बोललं म्हणून सगळ्यांनी मागे बघितलं. मीही बघितलं. मागे भिंत होती.

ही गोष्ट दोन वर्षांमागची, मी आठवीत असतानाची. आता दहावीत मला वर्गातून महिन्यातून एकदा तरी बाहेर उभं करतात, बडबड करते म्हणून. वक्तृत्वाचे दोन कप आमच्या कपाटात आहेत. पण तेव्हा हजेरीला "हजर" म्हटलं की माझं दिवसभराचं बोलणं संपायचं. बारा जणींच्या संघात मी बारावी. नऊ जणी खेळायच्या, दोघी राखीव म्हणून पाय मोकळे करत उभ्या असायच्या आणि मी पाण्याच्या बाटल्या सांभाळायचे. त्या दिवशी एक जण तापाने आली नव्हती आणि एकीचा पाय मुरगळला होता, म्हणून मला पाटीवर बसायला मिळालं होतं. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की रात्री उशीवर डोकं टेकलं की मी मनातल्या मनात खो द्यायचे.

"फल्ले?" मॅडमनी वहीत बघितलं. "गिरिजा फल्ले. बरं. उद्या तूच आण."

"हिच्या घरी तेलाचा घाणा आहे मॅडम," वेदिका म्हणाली. "हिच्या वह्यांना पण दाण्याचा वास येतो." त्यात वाईट काही नव्हतं, ती कर्णधार होती आणि सगळ्यांबद्दल असंच बोलायची. पण सगळ्या हसल्या आणि मी परत गप्प झाले.

आमचं घर आष्ट्यात, बाजाराच्या मागच्या बाजूला. पुढे पत्र्याची शेड, तिच्यात लाकडी घाणा, मागे दोन खोल्या. शाळेतून आले तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, घाणा चालवत होते आणि आई सुपात दाणे निवडत होती. काळा दाणा, सुरकुतलेला दाणा, बुरशीचा दाणा बाजूला. बोलताना, चहा पिताना, भांडतानाही तिची बोटं थांबत नाहीत.

मी आधी दाणे भाजून त्यांचं कूट केलं आणि ते दुधात घातलं. वर तेलाचा तवंग आला.

"हे पिऊन तुमच्या मॅडमच झोपतील," आई म्हणाली.

मग ताकात घातलं. तेल तिथेही वर आलं, शिवाय आंबट झालं. मग पाण्यात उकळून बघितलं, ते दाण्याच्या आमटीसारखं लागलं आणि आईने खरंच त्यात कोकम आणि मिरची टाकून रात्रीच्या भाताला ठेवून दिलं.

मी चिडून शेडच्या दारात जाऊन बसले. आप्पांनी मोटार बंद केली, पहारीने घाण्याच्या तळाची पेंड सुटी केली आणि नेहमीसारखा एक गरम तुकडा माझ्या हातावर ठेवला. तेल निघून गेलं की मागे राहतो तो दाण्याचा चोथा म्हणजे पेंड. बाहेर ती गुरांचं खाद्य म्हणून पोत्याने विकली जाते. आमच्या घरात ताज्या पेंडीचा पहिला तुकडा गुळाच्या खड्याबरोबर माझा, मला दात आले तेव्हापासून.

अर्धा तुकडा खाऊन झाल्यावर माझ्या डोक्यात आलं की मला हवं होतं ते हेच. दाण्याची सगळी चव, तेल मात्र काढून घेतलेलं.

मी पेंड तव्यावर मंद भाजली. भाजताना जो वास सुटला तो थेट वेदिकाच्या बरणीचा होता. मग मिक्सरला फिरवली, मैद्याच्या चाळणीने दोनदा चाळली. कोमट पाण्यात गूळ विरघळवला, त्यात ही पूड, चिमूटभर मीठ, थोडी सुंठ. रवीने घुसळलं. वर तवंग नाही, तळाला गाळ नाही. मी घोट घेतला आणि आईपुढे पेला धरला. आईने घोट घेतला आणि पहिल्यांदाच तिची बोटं सुपात थांबली.

"कुणासाठी चाललंय हे?" दारातून आप्पांनी विचारलं.

"संघासाठी. उद्या शाळेत न्यायचंय."

"कशाचं आहे?"

"पेंडीचं."

आप्पा हात पुसत होते, ते पुसायचे थांबले.

"घरात खा हवी तेवढी. बाहेर न्यायची न्हाई."

"का पण?"

"न्हाई म्हटलं ना."

"आप्पा, पण चव बघा तरी."

"मला चव माहीत आहे," ते म्हणाले आणि मोटार चालू केली. मोटार चालू असली की आमच्या घरात वाद होत नाहीत, ऐकूच येत नाही.

आईने माझ्याकडे बघितलं, मग शेडकडे. "कुटाचं आहे म्हणून सांग," ती हळूच म्हणाली. "कूट काय आणि पेंड काय, दाणाच की शेवटी."

दुसऱ्या दिवशी मी आमचं तेलाचं दहा लिटरचं स्टीलचं कॅन घासून, त्यात पेंडीचं ते कोमट पेय, माझ्या भाषेत दाण्याचं दूध, भरून, सायकलच्या कॅरिअरला बांधून नेलं. सात वाजता पेले भरले. आसमाने पहिला पेला संपवला, वरच्या ओठावरची रेघ जिभेने पुसली आणि परत रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली.

"ए, एकेकदाच," वेदिका म्हणाली.

"तू पिऊन बघ, मग सांग एकेकदाच."

वेदिका प्यायली. तिने पेल्याच्या तळाशी बघितलं. "हे माझ्या बरणीतलंच आहे."

"नाही."

"मग वास कसा तोच?"

सव्वासातला सामना सुरू झाला आणि त्या दिवशीचे खो मैदानाबाहेरच्या रस्त्यावर ऐकू गेले असतील. दूधवाला थांबून बघत होता. मॅडमनी मला सहाव्या पाटीवर बसवलं. मी दोन जणींना बाद केलं. नंतर त्यांनी विचारलं, "फल्ले, कशाचं केलंस?"

"कुटाचं," मी म्हटलं. किती सहज निघाला तो शब्द.

"शनिवारपर्यंत खाण्याचं तूच बघायचं. आणि तुझे पाय चांगले आहेत. कुठं लपून बसली होतीस?"

घरी जाताना मी सायकलवर गात होते. बुधवारी मी दुधाबरोबर धिरडीही नेली. ज्वारीच्या पिठाची, पातळ, जाळीदार, आणि आत भाजलेल्या पेंडीची गूळ-पाण्यात कालवलेली चटणी अगदी पुसट लावून गुंडाळी केलेली. ब्रेडवरचं ते जाड प्रकरण नाही, नुसता हात फिरवल्यासारखा थर. एकेकीला दोन. मुली माझ्याभोवती उभ्या होत्या आणि मी बोलत होते, मधेच दोन विनोदही केले, आणि त्या हसल्या. माझ्यावर नाही, विनोदावर.

"पण गिरिजा," आसमा म्हणाली, "अम्मीने काल कुटाचं करून बघितलं. वर नुसतं तेल. अब्बा म्हणाले, दिवा लावा याच्यात."

"कूट जास्त झालं असेल."

"आमच्यात पण तेल आलं," दुसरी एक जण म्हणाली.

"तुम्ही नीट घुसळलं नसेल."

वेदिका धिरडं खात माझ्याकडे बघत होती. "तू काहीतरी लपवतेस," ती म्हणाली. "सांगायचं नसेल तर नको सांगू. पण लपवतेस."

त्याच संध्याकाळी तिच्या आबांचा, म्हणजे आजोबांचा, छोटा टेम्पो आमच्या शेडपुढे थांबला. चरापल्यांचा गोठा मोठा, बावीस म्हशी. दर बुधवारी ते आमच्याकडून दोन पोती पेंड न्यायचे. हे मला माहीत होतं. त्या दिवशी वेदिका त्यांच्याबरोबर येईल हे मात्र मला माहीत नव्हतं.

आबांनी नेहमीसारखी पोत्यातली पेंडीची एक खपली मोडली, तोंडात टाकली, डोळे मिटून चावली. "हां," म्हणाले. "चढवा." आप्पांनी पोतं उचललं. हा दर आठवड्याचा रिवाज. आबा कधी न चाखता पेंड नेत नसत.

मी मात्र तेव्हा ढिगाच्या दुसऱ्या बाजूला पातेलं घेऊन उकिडवी बसले होते आणि उद्यासाठी ताजी पेंड भरत होते. वर बघितलं तर वेदिका.

"अगं, मी तुझ्याकडेच आलेय," ती म्हणाली. "आईला सांगशील नीट कसं करायचं ते? काय करतेस?"

"काही नाही."

मी पातेलं उचलून स्वयंपाकघराकडे निघाले, तशी ती माझ्यामागे दोन पावलं आत आली. ओट्यावर मिक्सर होता, चाळण होती, चाळणीत अर्धवट चाळलेली पूड. शेजारी शाळेत नेतो तेच कॅन, झाकण उघडं. तिने माझ्या पातेल्यात बघितलं, मग चाळणीत, मग परत पातेल्यात.

"हे आमच्या म्हशींचं आहे," वेदिका म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली आणि जाऊन टेम्पोत बसली. आबांना वाटलं आमची भांडणं झाली. "होतंय होतंय पोरींचं," असं म्हणत त्यांनी टेम्पो चालू केला.

आप्पा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते कॅनकडे बघत होते. मला वाटलं रागावतील, मी खांदे आवळून उभी राहिले. पण ते वळले. घाण्यात दाणे घातलेले तसेच ठेवून मागच्या दाराने बाहेर गेले. घाणा अर्ध्यावर सोडलेला मी तोवर कधी बघितला नव्हता.

"आई, मी एवढं काय केलं?"

आईने सूप खाली ठेवलं. "बस इथं," ती म्हणाली. "तुझ्या आप्पांनी शाळा का सोडली, माहीत आहे?"

"परिस्थिती नव्हती म्हणून."

"परिस्थिती नव्हतीच. तुझे आजोबा सांगलीला तेलाच्या गिरणीत हमाल होते. सुटी झाली की धोतराच्या सोग्यात पेंड बांधून आणायचे. घरात तेच. भाकरीबरोबर तेच, भाकरी नसली तर नुसतं तेच. आप्पा आठवीत होते. एक दिवस कुणीतरी त्यांचा डबा उघडून वर्गात फिरवला."

सुपातला एक दाणा मी बोटांत धरून बसले.

"दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर त्यांच्या बाकाला दावं बांधलेलं. गुरांचं दावं. सगळी पोरं बघत होती, काय करतो म्हणून. आप्पांनी ते सोडलं, नीट गुंडाळून बाकावर ठेवलं आणि घरी आले. ते परत गेलेच नाहीत." आईने सूप परत मांडीवर घेतलं. "मला लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं. मी तुला कूट म्हण म्हणाले ती माझी चूक. मला वाटलं, शब्दच तर आहे."

मला त्या क्षणी आठवलं की गरम पेंडीचा तुकडा ते मला रोज द्यायचे, पण मी त्यांना स्वतःला खाताना कधीच बघितलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी कॅन नेलं. न नेता गेले असते तर पाटीवरची जागा तशीही गेली असती, आणि नेलं तरी जाणारच होती. सराव सुरू झाला तेव्हा कुणी माझ्याशी बोललं नाही. सातला दप्तरांपाशी गेले तर माझ्या दप्तरावर गवताची एक मूठ ठेवलेली. हिरवं, ताजं, मुळांना माती असलेलं. कुणीतरी मैदानाच्या कडेचं उपटून आणलं होतं.

सगळ्या बघत होत्या, काय करते म्हणून.

मी गवत उचललं आणि बाजूला ठेवलं. अगदी नीट ठेवलं. मग कॅनचं झाकण उघडलं आणि पेले मांडले. एकही पुढे आली नाही.

"काय झालंय?" मॅडम म्हणाल्या. त्या वेदिकाकडे वळल्या. "चरापले?"

"मला नको आहे मॅडम," वेदिका म्हणाली.

"का?"

"फल्लेला विचारा, त्यात काय आहे."

"फल्ले, यात काय आहे?"

मी "कूट" म्हटलं असतं तर अर्ध्या जणींनी तरी विश्वास ठेवला असता. पूड केल्यावर कुणाला ओळखू येतंय? वेदिका एकटी पडली असती. आसमा माझ्याकडे अशी बघत होती, जणू तेच म्हण असं सांगत होती.

"पेंड," मी म्हटलं. "शेंगदाण्याची. आमच्या घाण्यावरची. परवाही तीच होती आणि कालच्या धिरड्यांतही. मी कूट म्हणून खोटं सांगितलं."

एक जण "शी" म्हणाली. कुणीतरी मागून बारीक हंबरलं.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता, पण तो चालू होता. "तुम्ही हसाल म्हणून कूट म्हटलं. पेंड वाईट म्हणून नाही. आमच्याकडे दाणा हाताने निवडतात. आई निवडते, दिवसभर. त्यातलं तेल काढून घेतलं की ही राहते. म्हणून वर तेल येत नाही. म्हणून तुमच्या घरी कुटाचं जमलं नाही." मग मी वेदिकाकडे वळले. "तुझे आबा पेंड घेताना काय करतात?"

ती पायाने माती उकरायला लागली.

"सांग ना. काल तू होतीस."

"चाखतात," वेदिका म्हणाली.

"कशाला?"

"कडू आहे का बघायला. कडवट लागली तर म्हैस तोंड लावत नाही."

"आमचं पोतं त्यांनी कधी परत पाठवलंय?"

तिने कॅनकडे बघितलं. "नाही," ती म्हणाली.

मी पेला भरला आणि एका दमात प्यायले. भूक अजिबात नव्हती. दुसरा पेला भरून कट्ट्यावर ठेवला. तो तिथेच राहिला, वाफ निघत होती. मग आसमा उठली.

"म्हशी आपल्यापेक्षा जास्त चोखंदळ आहेत म्हणायच्या," ती म्हणाली आणि पेला उचलला. "मी तर शाळेतली खिचडीपण खाते."

दोघी-तिघी हसल्या. तिच्यामागे आणखी चार जणी प्यायल्या. बाकीच्या नाहीत. वेदिका नाहीच, ती उपाशी खेळली.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "पेंड आणलीस त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण कुणाच्या तोंडात काय घालतेस ते आधी सांगायचं. त्यांनी हो म्हणायचं की नाही, ते त्यांचं. कळलं?"

"हो मॅडम."

"आज बाहेर बस."

मी बाहेर बसले. पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. घरी जाऊन आप्पांना सगळं सांगितलं, गवतासकट. मी ते कुठे ठेवलं असं त्यांनी विचारलं. "बाजूला, नीट," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आईच्या सुपासमोर बसून दाणे निवडायला लागले. आईने निवडलेलेच दाणे, परत एकदा.

शुक्रवारी मी कॅन नेलं नाही. मॅडमनी मला पाटीवर बसवलं, शेवटच्या. कुणी हंबरलं नाही आणि फार कुणी बोललंही नाही.

शनिवारी तालुक्याच्या मैदानावर सात शाळा होत्या. पहिला सामना आम्ही चार गुणांनी जिंकलो. मधल्या सुट्टीत आम्ही कडेला बसलो होतो, तेवढ्यात दोरीच्या पलीकडे आमची मोटारसायकल थांबली. मागे कॅन बांधलेलं. आप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, लग्नाला घालतात तो. त्यांनी कॅन सोडलं, दोरीवरून मला दिलं आणि म्हणाले, "आजच्या घाण्याची आहे. तुमच्या मॅडमना आधी सांग, काय आहे ते."

"माहीत आहे मला," मॅडम मागून म्हणाल्या. "भरा गं पेले. ज्यांना हवं त्यांनीच."

आसमा उठली. गुरुवारच्या त्या चौघी उठल्या. शेजारी दुसऱ्या शाळेचा संघ बसला होता, त्यांची एक उंच मुलगी वाकून बघत होती.

"काय गं ते? प्रोटीन-बिटीन आहे का?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आप्पा दोरीपाशी उभे होते, निघायच्या बेतात, हात गाडीवर. त्यांचा हात तिथेच थांबला.

वेदिका उठली. माझ्यापाशी आली, माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि त्या मुलीकडे वळली.

"पेंड," ती म्हणाली. खो देते त्याच आवाजात, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा.

"पेंड? म्हशीची?"

"म्हशींची पण आणि आमची पण. फल्ल्यांच्या घाण्याची आहे. माझे आबा चाखून घेतात." मग ती प्यायली, अर्धा पेला एका घोटात, आणि उरलेला त्या मुलीपुढे धरला. "हवी का? नसली तर सांग, मला लागेल."

त्या मुलीने वास घेतला. मग पेला घेतला.

मी एक पेला भरून दोरीपाशी गेले आणि आप्पांपुढे धरला. आजूबाजूला पालक होते, पंच होते, भेळवाला होता. आप्पांनी सगळीकडे एकदा बघितलं. मग पेला घेतला आणि सावकाश प्यायले, थांबत थांबत, शेवटच्या थेंबापर्यंत.

"आमच्या डब्यात गूळ नसायचा," ते म्हणाले.

आणि पेला परत पुढे धरला.